एक काना इकडचा तिकडे

गेल्या महिन्यात माझ्या लेकीने मला विचारलं, "अब्बा, मी आडनाव पारकर असं लिहिलं तर तुम्हाला राग येईल का?"

आमचं आडनाव परकार. 'प'ला काना नाही, 'क'ला आहे. तिला हवं होतं ते पारकर. काना 'प'ला, 'क' मोकळा. मराठीत लिहिताना फरक इतकाच. इंग्रजीत तर तोही नाही, दोन्हींचं स्पेलिंग एकच. साधारणपणे परकार म्हटलं की कोकणी मुसलमान आणि पारकर म्हटलं की कोकणातला हिंदू, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला लगेच कळतं. मुंबईच्या माणसाला कळेलच असं नाही. लेकीचा सगळा हिशोब या न कळण्यावरच होता.

लेक फिजिओथेरपिस्ट आहे, परळच्या एका हॉस्पिटलात नोकरी करते. आम्ही मुंब्र्याला राहतो. सकाळची लोकल, रात्रीची ड्युटी, त्यात पावसाळा. म्हणून तिने आणि तिच्या मैत्रिणीने परळमध्येच भाड्याने घर शोधायला घेतलं. एजंटशी फोनवर बोलणं झालं. एजंट म्हणाला, "परकार? म्हणजे कणकवलीकडचे का?" ती म्हणाली, "नाही, चिपळूणकडचे." तो खूष. त्याचंही गाव गुहागर. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका इमारतीत त्याने घर दाखवलं, भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. मग करारासाठी आधारकार्ड पाठवलं, त्यावर पूर्ण नाव. संध्याकाळी फोन आला की मालकाचा विचार बदलला. दुसऱ्या घराच्या वेळी तिने पूर्ण नाव आधीच सांगून टाकलं. तिथल्या बाईंनी हसत हसत विचारलं, "हसीना पारकर तुमची कोण?"

पहिल्या घरात आडनावामुळे दार उघडलं आणि पहिल्या नावामुळे बंद झालं. दुसऱ्या घरात आडनावानेच बंद केलं. म्हणून तो कान्याचा प्रश्न. मला राग आला नाही. पण उत्तरही लगेच देता आलं नाही. या आडनावाचा आणि परळचा एक जुना हिशोब माझ्याकडे आहे. तो आज मांडतो.

क्रीडा पानावरचं आडनाव

माझे अब्बा परळच्या एका गिरणीत साळखात्यात होते. आम्ही चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं. चाळीत बहुतेक सगळे कोकणातले आणि घाटावरचे. मुसलमानांची घरं दोन. खाली लाकडी स्टँडवर रोजचे पेपर लावायचे, ते वाचायला सकाळी गर्दी व्हायची. लहानपणी मी आमचं आडनाव छापलेलं पाहिलं ते तिथेच, शेवटून दुसऱ्या पानावर. खेळाच्या.

१९८१-८२चा रणजी मोसम होता. बंगालविरुद्ध सुनील गावस्करने ३४० धावा केल्या, त्याची प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधली सर्वोच्च खेळी. त्याच डावात त्याने आणि गुलाम परकारने पहिल्या जोडीसाठी ४२१ धावा जोडल्या. गुलाम परकार कालुस्त्याचा. चिपळूणजवळचं गाव, वाशिष्ठीच्या काठचं. आमच्या गावाहून होडीने जाता येण्याजोगं. त्याचा भाऊ झुल्फिकार परकार मुंबईचा विकेटकीपर. एका घरातले दोन भाऊ मुंबईकडून खेळतात, हे आमच्या खोलीत कितीदा सांगितलं गेलं असेल त्याची गणती नाही.

जून १९८२मध्ये गुलाम परकार लॉर्ड्सवर कसोटी खेळला. गावस्करबरोबर सलामीला. त्या जूनमध्ये गिरणी संपाचा पाचवा महिना चालू होता. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. अब्बांना पगार नव्हता. गावाहून तांदूळ यायचा, त्यावर घर चालायचं. अशा दिवसांत अब्बा सकाळी खाली जाऊन पेपरातला धावफलक वाचून आले. पहिल्या डावात सहा, दुसऱ्या डावात एक. भारत हरला. अब्बा वर येऊन म्हणाले, "सहा आणि एक. पण लॉर्ड्सवर." आणि चहा मागितला. त्यानंतर परकारला पुन्हा कसोटी मिळाली नाही, एक दिवसाचे सामने मिळाले. त्याच्या क्षेत्ररक्षणाबद्दल मात्र जुने लोक आजही बोलतात.

त्याच्या दहा वर्षं आधी, १९७२-७३मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत गावस्करबरोबर सलामीला आलेला आणखी एक जण होता. रामनाथ पारकर. रत्नागिरीचा, दोन कसोटी खेळलेला. काना 'प'ला. इंग्रजी धावफलकात दोघांचं आडनाव अक्षर न् अक्षर सारखं. दोघे मुंबईचे, दोघे सलामीचे, दोघे कोकणातले. चाळीतल्या पोरांत यावरून वाद व्हायचे, रामनाथ भारी की गुलाम भारी. पण यांतला कोण 'आपला' आणि कोण 'त्यांचा' असा वाद झालेला मला आठवत नाही. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, म्हणून काही गोष्टी माझ्या कानावर आल्या नसतील हेही मान्य करतो.

अब्बा एक गंमत सांगायचे. उर्दूत परकार म्हणजे वर्तुळ काढायचं साधन, आपल्या कंपासपेटीतलं. आडनाव त्यावरूनच पडलं असा त्यांचा दावा नव्हता. पण म्हणायचे, "आपलं तसंच आहे. एक टोक गावात रोवलेलं, दुसरं गिरणीभोवती फिरतंय."

जानेवारी १९९३

चाळीच्या जिन्यापाशी भाडेकरूंच्या नावांचा फलक होता. निळ्या पाटीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नावं. आमच्या ओळीत लिहिलं होतं 'अ. ह. परकार'. 'अ.' म्हणजे अनंतही होतो आणि अब्दुलही.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबईत काय झालं ते इथे पुन्हा सांगत नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ते आहे. त्या दिवसांत कितीतरी लोकांनी दारावरच्या पाट्या काढून घेतल्या. आमच्या चाळीत मात्र पाटी काढली गेली नाही. एका रात्री खालच्या मजल्यावरचे काका ब्लेड आणि रंगाची डबी घेऊन फलकापाशी गेले. त्यांनी 'क'चा काना खरवडला आणि 'प'ला नवा काना काढला. परकारचं पारकर झालं. अब्बांना त्यांनी आधी विचारलं होतं. अब्बा म्हणाले, "करा."

दोन दिवसांनी बाहेरची काही पोरं गल्लीत आली. आमच्या चाळीपाशी थांबली, आत डोकावली, पुढे गेली. त्या रात्री आणि पुढच्या चार रात्री जिन्याच्या तोंडाशी तेच काका आणि चाळीतले पाच-सहा जण बाकडं टाकून बसले होते. त्यांतले बहुतेक अब्बांसारखेच, संपात नोकरी गेलेले.

नंतर सगळं थोडं शांत झालं. मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि पुन्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या वर्षी गणपतीच्या आधी फलक नव्याने रंगवायचा होता. काकांनी अब्बांना विचारलं, "राहू दे का तसंच? काय फरक पडतोय?" अब्बा म्हणाले, "नको. काना परत जागेवर ठेवा. मला काही कान्याने वाचवलं नाही, तुम्ही बाकड्यावर बसलात म्हणून वाचलो."

फलकावर पुन्हा परकार आलं. पुढे गिरणी गेली, खोली विकली, आम्ही मुंब्र्याला आलो. आता त्या चाळीच्या जागी टॉवर आहे. लेकीला घर नाकारलं गेलं ते तिथून चालत दहा मिनिटांवर.

आडनाव पान बदलतं

नव्वदच्या दशकात आमचं आडनाव खेळाच्या पानावरून उठलं आणि पहिल्या पानावर गेलं. कारण सगळ्यांना माहीत आहे. दाऊद इब्राहिमची बहीण हसीना हिचं सासर परकारांचं. मराठी पेपरांनी तिला कायम 'हसीना पारकर' लिहिलं. त्यांनीही काना इकडचा तिकडे केला, पण काकांसारखा कुणाला वाचवायला नाही. बहुधा नुसतं ठाऊक नसल्याने. महाराष्ट्रातल्या पेपरांना महाराष्ट्रातल्याच एका आडनावाचं शुद्धलेखन ठाऊक नव्हतं, ही मला जास्त लागणारी गोष्ट आहे.

ती जुलै २०१४मध्ये वारली. तीन वर्षांनी, २२ सप्टेंबर २०१७ला, तिच्या नावाचा सिनेमा आला. 'हसीना पारकर', श्रद्धा कपूर मुख्य भूमिकेत. आमचं आडनाव सिनेमाच्या पोस्टरवर मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याच आठवड्यात तिच्या भावाला, इक्बाल कासकरला, ठाण्यात खंडणीच्या प्रकरणात अटक झाली. म्हणजे एकाच आठवड्यात परकार आणि कासकर, कोकणी मुसलमानांची दोन आडनावं, एक पडद्यावर आणि एक बातम्यांत. माझी लेक तेव्हा कॉलेजात होती. वर्गात तिला 'आपा' म्हणायला लागले. गंमत म्हणून. पुढे फेब्रुवारी २०२२मध्ये नवाब मलिकांना कुर्ल्याच्या जमिनीच्या प्रकरणात अटक झाली तेव्हा हे नाव पुन्हा रोजच्या मथळ्यांत आलं. ती बाई जाऊन तोवर साडेसात वर्षं झाली होती.

आता त्याच सप्टेंबरची दुसरी गोष्ट. ८ सप्टेंबर २०१७ला, म्हणजे 'हसीना पारकर'च्या दोनच आठवडे आधी, 'डॅडी' आला होता. अरुण गवळीवरचा सिनेमा. गवळी तर आमच्याच बाजूचा, दगडी चाळ परळहून कितीशी लांब? त्याच्यावर मराठीतही 'दगडी चाळ' नावाचा सिनेमा २०१५मध्ये येऊन गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला सांगा, त्यानंतर एखाद्या गवळी आडनावाच्या मुलीला घर बघायला गेल्यावर कुणी विचारलं असेल का, "अरुण गवळी तुमचा कोण?" विचारलंही असेल एखाद्याने. पण त्या प्रश्नाच्या उत्तरावर घर मिळणं अवलंबून नसतं.

सिनेमावाल्यांची आडनावं

गुन्हेगारीच्या सिनेमांतली आडनावं एकदा नीट बघण्यासारखी आहेत. 'सत्या'मधला भिकू म्हात्रे. 'सेक्रेड गेम्स'मधला गणेश गायतोंडे. दोघेही लेखकांनी कल्पनेतून उभे केलेले, पण आडनावं अस्सल इथली. म्हात्रे म्हटलं की आगरी-कोळी वस्ती डोळ्यासमोर येते, गायतोंडे म्हटलं की गोवा-कारवारची किनारपट्टी. माणूस गुंड असला तरी त्याला गाव आहे, बायको आहे, भाषा आहे.

आता दाऊदवरून बेतलेली पात्रं बघा. 'वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई' (२०१०) मध्ये तो शोएब खान. 'बंबई मेरी जान' (२०२३) या मालिकेत दारा कादरी. आणि सगळ्यांत कमाल 'शूटआऊट ॲट वडाला' (२०१३) मध्ये. हा सिनेमा मन्या सुर्वेवर आहे. मन्या सुर्वेला पोलिसांनी वडाळ्याला ११ जानेवारी १९८२ रोजी मारलं, गिरणी संपाच्या आधी बरोबर एक आठवडा. सिनेमात सुर्वे सुर्वेच राहतो, नाव-आडनावासकट. पण कासकर बंधू होतात हक्सर! हक्सर हे काश्मिरी पंडितांचं आडनाव आहे. इंदिरा गांधींचे सल्लागार पी. एन. हक्सर आठवत असतील. कोकणातल्या खेड तालुक्यातला मुसलमान पडद्यावर थेट काश्मिरी पंडितांच्या आडनावाने आला आणि कुणाला काही वाटलं नाही.

नावं बदलण्यामागे कायद्याची भीती असते, हे मला कळतं. निर्मात्याला कोर्टकचेरी नको असते. कुणी म्हणेल, "मग बरंच झालं की! तुमची आडनावं वाचली." थोडं खरं आहे. पण नाव बदलताना कोकणातलं दुसरं आडनाव का नाही सुचत? खान, कादरी का सुचतात? कारण मुसलमान गुंड खान असला की गोष्ट सोपी होते. तो कुठून तरी बाहेरून आला, असं समजून चालता येतं. तो कासकर आहे, त्याचा बाप इब्राहिम कासकर मुंबई पोलिसांत हेड कॉन्स्टेबल होता, गाव खेडजवळचं मुंबके, म्हटलं की तो आपल्यातला होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पोलिसाच्या घरात हा मुलगा असा कसा निपजला, हा प्रश्न मग महाराष्ट्राला स्वतःला विचारावा लागतो. तो कुणालाच विचारायचा नाही.

बाजाराला मात्र नावाची किंमत बरोबर कळते. ५ जानेवारी २०२४ला मुंबक्यातल्या दाऊदच्या घराण्याच्या जमिनींचा सरकारी लिलाव झाला. त्यांतल्या एका छोट्या तुकड्याची राखीव किंमत १५,४४० रुपये होती. बोली गेली २ कोटी १ लाखावर. जमीन तीच, माती तीच. वरचे दोन कोटी नावाचे. त्याच नावाच्या बाकीच्या माणसांना त्याच नावापायी घर मिळत नाही.

मराठी पुस्तकांत आम्ही कुठे आहोत

बातम्यांत आडनाव एका तऱ्हेने येत असेल तर कथा-कादंबऱ्यांनी ते दुसऱ्या तऱ्हेने आणावं, अशी माझी अपेक्षा असते. मराठीत हे झालंच नाही असं नाही. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. त्यांची 'इंधन' ही कादंबरी १९६५ची. कोकणातल्या गावातलं मुसलमान घर मराठी कादंबरीत इतक्या आतून आलेलं मी तोवर वाचलं नव्हतं. पुढे दलवाईंच्या विचारांवरून आमच्या घरात भांडणं झाली, अब्बांना त्यांचं सगळं पटायचं नाही. पण 'इंधन' अब्बांनी वाचनालयातून दोनदा आणली होती.

नारायण सुर्व्यांच्या 'शीगवाला' कवितेत एक दाऊदचाचा आहे. कवीच्या खोलीत येतो, कवीशी बोलतो. मराठी कवितेतला हा दाऊद त्या दुसऱ्या दाऊदच्या आधीचा. हा चाचा अजूनही आहे, पुस्तकात आहे, पण दाऊद म्हटल्यावर तो कुणाला आठवतो?

सुर्व्यांचंच आडनाव घ्या. ते अनाथ तान्हं मूल होते. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने त्यांना उचललं, वाढवलं, आपलं नाव दिलं. जन्माने कोण, कुणाचे, ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे गिरणगावाने त्यांना आडनाव दिलं आणि त्यांनी त्या आडनावाला 'माझे विद्यापीठ' दिलं. एक सुर्वे कवी, एक सुर्वे वडाळ्याला पोलिसांच्या गोळीने मेलेला. दोन्ही सुर्वे मराठी माणसाच्या डोक्यात शेजारी शेजारी सुखाने राहतात. एकामुळे दुसऱ्याला डाग लागत नाही. मला आमच्या आडनावासाठी एवढंच हवंय. एक गुलाम परकार, एक हसीना, आणि बाकी आम्ही हजारो साधी माणसं. शिक्षक, खलाशी, नर्स, मासे विकणारी, गल्फमध्ये वेल्डिंग करणारी. सगळी एका आडनावात मावली पाहिजेत.

मावायची असतील तर ती कुणीतरी लिहायला हवीत. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकातलं धुरी कुटुंब, त्यावरचा 'लालबाग परळ' सिनेमा, यांनी संपानंतरच्या गिरणगावातलं एक घर कायमचं उभं करून ठेवलं. धुरी म्हटलं की आता मला ती आई आठवते. चाळीत धुऱ्यांच्या शेजारी राहणारं परकारांचं, मुकादमांचं, सरगुरोहांचं घर मी अजून मराठी रंगमंचावर पाहिलेलं नाही. ईदला चाळभर सांदण वाटणारी आमची अम्मा कुठल्या नाटकात आली असती तर हसीनाबद्दल विचारणाऱ्या त्या बाईंना विचारायला दुसरं काहीतरी सुचलं असतं.

थोडं आमच्याबद्दलही

दोष सगळा बाहेर ढकलून मला मोकळं व्हायचं नाही. ऐंशीच्या दशकात आमच्यातली कितीतरी पोरं फुशारकीने सांगायची, "भाई आपल्या गावाकडचा." नातं नसलं तरी जोडायची. दुकानदाराला दम द्यायला ते नाव कामाला यायचं. तेव्हा मोठ्यांनी कान पिळले नाहीत. काहींनी पिळले, फार थोड्यांनी. १९९३नंतर तेच लोक म्हणायला लागले की आमचा काही संबंध नाही. संबंध नव्हताच, पण आधी जोडला कुणी?

दुसरं असं की आमच्यातलेच काही जण गावची आडनावं टाकून देऊ लागलेत. मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं शेख, खान किंवा सिद्दीकी लावतात. कुणाला त्यात जास्त 'खरं' मुसलमानपण दिसतं, कुणाला सोपं वाटतं. प्रत्येकाची मर्जी. पण चौगुले, नाईक, खोत, देशमुख, अंतुले, दलवाई, परकार ही आडनावं म्हणजे आपण या मातीतले असल्याचा सातबारा आहे. अंतुले आडनावाचा माणूस १९८०मध्ये या राज्याचा मुख्यमंत्री झाला. त्यांची कारकीर्द सिमेंट प्रकरणाने संपली, तेही खरं. पण कुलाब्याचं रायगड आणि रत्नागिरीतून वेगळा सिंधुदुर्ग जिल्हा त्यांच्याच काळात झाला. आंबेतच्या मुसलमानाने शिवाजी महाराजांच्या राजधानीचं नाव जिल्ह्याला दिलं. हे त्या आडनावाने सांगता येतं. नुसतं 'शेख' लिहून सांगता येत नाही.

मग लेकीला काय सांगितलं

तिला मी फलकाची गोष्ट सांगितली. तिने ती पहिल्यांदाच ऐकली. आम्ही मुलांना या गोष्टी सांगत नाही, ही आमची आणखी एक चूक. ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आजोबांनीही काना हलवलाच की." मी म्हटलं, "हलवला. जीव वाचवायला हलवला, आणि नंतर परत जागेवर ठेवला." ती म्हणाली, "मलाही घर मिळाल्यावर परत ठेवता येईल."

तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. रात्री अकराची लोकल तिला पकडावी लागते, मला नाही. आडनावाचा अभिमान घरी बसून बाळगणं सोपं असतं. पण मला जे वाटतं ते मी सांगितलं. काना हलवून घर मिळेल, पण आधारकार्ड कधीतरी बाहेर येणारच, टपाल येणार, ईद येणार, मी भेटायला येणार. मग रोज लपवत बसायचं? आणि अब्बा म्हणाले तेच खरं. नाव बदलल्याने कुणी वाचत नाही. बाकड्यावर बसणारी माणसं असली की वाचतो. प्रश्न आमच्या कान्याचा नाहीच, बाकडी कुठे गेली याचा आहे. चाळ पाडून टॉवर बांधला तेव्हा जिन्याच्या तोंडाशी बसायची जागाच उरली नाही. आता तिथे वॉचमन बसतो आणि रजिस्टरमध्ये पूर्ण नाव लिहायला सांगतो.

म्हणून माझं म्हणणं लेकीपेक्षा इतरांकडे जास्त आहे. पेपरवाल्यांनी माणसाचं नाव नीट लिहावं आणि गुन्हा माणसाच्या नावावर टाकावा, आडनावाच्या नाही. कथा-पटकथा लिहिणाऱ्यांनी कोकणातल्या मुसलमानाला खान करण्याआधी एकदा एसटीने खेड-चिपळूणला जाऊन यावं. आणि घरमालकांनी, सोसायट्यांनी, एजंटांनी एक जुनी सवय परत लावून घ्यावी. परळमध्ये दोन कोकणातली माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "गाव कुठचं?" अब्बांना तो प्रश्न आयुष्यभर विचारला गेला. त्यातून नदीची, भाताची, होडीची, पावसाची बोलणी निघायची. धर्म त्यात नंतर यायचा, आणि येईपर्यंत चहा झालेला असायचा.

लेकीचं घर शोधणं अजून चालू आहे. तिने आडनावाचं काय ठरवलं ते मला सांगितलेलं नाही, मी विचारलेलंही नाही. परळमध्ये तुमचं घर असेल आणि परकार नावाची एक मुलगी ते बघायला आली, तर तिला हसीनाबद्दल विचारू नका. गाव कुठचं, ते विचारा. ती सांगेल.